रंगीत गोळ्यांची चलती

महोदय,
सारसबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांत सध्या लायकोपीन (टोमॅटोचे लाल रंगद्रव्य), बीटा-कॅरोटीन (गाजराचे केशरी रंगद्रव्य) यांच्या गोळ्यांची चलती आहे. म्हणे, रक्तवाहिन्या साफ होतात! बाटलीवर टोमॅटो-गाजरांची ठसठशीत चित्रे आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ ही ओळ मात्र भिंग लावून वाचावी इतकी बारीक.

ही रंगद्रव्ये कोलेस्टेरॉलचे ऑक्सिडीकरण (ऑक्सिजनशी होणारी अभिक्रिया, जिने रक्तवाहिन्यांत थर साचायला मदत होते) रोखतील, हा तर्क चुकीचा नव्हता. पण अमेरिकेत सुमारे २२ हजार डॉक्टरांवर बारा वर्षे चाललेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांचा हृदयविकार काही कमी झाला नाही. निष्कर्ष १९९६ मध्येच छापून आले. त्याआधी, १९९४ मध्ये, फिनलंडच्या चाचणीत ते घेणाऱ्या धूम्रपानी पुरुषांत फुप्फुसाचा कर्करोग उलट वाढलेला दिसला. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हे दुकानदार सांगतो का?

टोमॅटो तेलात शिजवला की त्यातले लायकोपीन अंगी अधिक लागते, म्हणजे मंडईतली पिशवीभर खरेदी आणि घरची फोडणी पुरते. खरी काळजी वेगळीच आहे. आमच्या कट्ट्यावरच्या एकदोघांनी डॉक्टरांना न विचारता स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) बंद करून या गोळ्या धरल्या आहेत. अन्न व औषध प्रशासनाने निदान ती बारीक ओळ मराठीत, ठळक छापायला लावावी.

— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे