उभा राहा, पण स्वतःच्या नावावर

डब्लिन

प्रिय विल्सन,

सप्रेम नमस्कार. तू वसईत नगरसेवकपदासाठी उभं राहायचं म्हणतोयस, हे वाचून फार बरं वाटलं. फक्त काही मंडळी तुला ‘आपल्या ख्रिस्ती समाजाचा उमेदवार’ म्हणून पुढे करतायत, ते मात्र खटकलं. का, ते सविस्तर लिहितो.

इथे आयर्लंडने धर्माच्या नावावरचं राजकारण करून पाहिलंय. १९५१ मध्ये आरोग्यमंत्री नोएल ब्राऊन यांनी आया आणि सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी मोफत उपचारांची योजना आणली. बिशपांनी हरकत घेतली, मंत्रिमंडळाने माघार घेतली आणि ब्राऊन यांना राजीनामा द्यावा लागला. मंत्रिमंडळातले बाकीचे मंत्री श्रद्धावंत होते, पण लोकांनी त्यांच्यावर सोपवलेला निर्णय त्यांनी धर्मगुरूंच्या हाती दिला. पुढे २००९ मध्ये चौकशी आयोगाच्या रायन अहवालाने चर्चच्या संस्थांमधले मुलांवरचे अत्याचार उघड केले आणि धर्मगुरूंच्या शब्दाला उरलंसुरलं वजनही राहिलं नाही.

२०१८ च्या सार्वमतात गर्भपातबंदीचं कलम घटनेतून काढायला ६६ टक्के मतदारांनी होकार दिला. दोनच वर्षं आधीच्या जनगणनेत ७८ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हणवलं होतं! म्हणजे होकार देणाऱ्यांत आपलेच कितीतरी होते. पोटातलं मूल हे मूलच, असं मी मानतो, त्यामुळे तो निकाल मला फार लागला. पण लोकांना पटवायचं काम पिढ्यान् पिढ्या हुकमावर भागवलं, तर दुसरं काय होणार?

त्याआधी, २०१३ मध्ये, मर्यादित गर्भपाताचा कायदा आला, तेव्हा पंतप्रधान एंडा केनी म्हणाले होते की मी कॅथलिक आहे, पण ‘कॅथलिक पंतप्रधान’ नाही. अर्धं मला मान्य आहे, पद सगळ्यांचंच असतं. पण सदसद्विवेक काही चपलांसारखा सभागृहाबाहेर काढून ठेवता येत नाही. त्यांच्याच पक्षाच्या ल्युसिंडा क्रेटन यांनी त्या विधेयकावर व्हिप मोडला आणि मंत्रिपद गमावलं. मला त्यांचा आदर वाटतो. मत त्यांचं स्वतःचं होतं आणि किंमतही त्यांनीच मोजली.

जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ मध्ये हेच सांगितलंय. प्रत्येक प्रश्नाचं तयार उत्तर धर्मगुरूंकडे असेल असं प्रापंचिकांनी, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या आपल्यासारख्यांनी, धरून चालू नये, आणि जिथे श्रद्धावंतांमध्येच मतभेद आहेत तिथे आपल्या मतावर ख्रिस्तसभेचा, म्हणजे चर्चचा, शिक्का कोणी मारू नये. शिवाय सत्तेची पदं घ्यायला धर्मगुरूंना धर्मनियमांनीच मनाई आहे. म्हणजे हे काम तुझं-माझं आहे रे.

इथे गरिबांना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे लोक दोघा-दोघांनी घरोघरी जातात. त्यांच्याबरोबर एका हॉटेलात गेलो होतो. घरभाडं झेपेना म्हणून सरकारने एका बाईला दोन मुलांसह तिथे ठेवलेलं. खोलीत फ्रिज नाही, दुधाची पिशवी खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर गारव्याला ठेवलेली, मुलगी पलंगावरच गृहपाठ करत होती. संस्था किराणा देईल, पण घर धोरणातूनच मिळणार. म्हणून आपल्या माणसांनी राजकारणात जायला हवं. गर्भातल्या जिवाबद्दल बोलणारा या मुलीबद्दल गप्प बसला, तर त्याचं ऐकणार कोण?

वसईत विहिरी आणि हिरवा पट्टा वाचवायला फादर दिब्रिटो उभे राहिले, तेव्हा त्यांच्यामागे जाणं आपल्याला सोपं होतं. पण टँकरने उपसलेल्या विहिरीचं पाणी सगळ्यांचंच आटतं. आगरी, मुसलमान, नव्याने राहायला आलेला भय्या, सगळ्यांच्या दारात जा. पाणी, गटारं, बेकायदा भराव यांवर बोल, आणि तुझी श्रद्धा कोणी विचारली तर मोकळेपणाने सांग. मात्र मिस्सानंतर, म्हणजे उपासना संपल्यावर, चर्चच्या आवारात पत्रकं वाटू देऊ नकोस आणि फादरांकडे पाठिंब्याचं पत्र मागू नकोस.

इथे स्थानिक निवडणुकीत परदेशी रहिवाशालाही मत देता येतं, उभंही राहता येतं. आमच्या चर्चच्या पॅरिशमधल्या केरळी नर्सेसना मी सध्या हेच सांगत फिरतोय.

जाहीरनाम्याचा मसुदा झाला की लगेच पाठव. आईला नमस्कार सांग.

तुझा,
पीटर