चाचांच्या कारखान्यासाठी आवाहन

सलाम, सप्रेम नमस्कार.

येत्या उरुसाला चाचांना जाऊन वर्ष होईल. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत त्यांची ओळख करून द्यायला नको, पण बाहेरगावी गेलेल्यांसाठी थोडे लिहितो. मंगळवेढ्याकडून भोपळ्यांची गाडी आली की नुसती टिचकी मारून ते तानपुऱ्याचा भोपळा बाजूला काढत. जवारी काढताना, म्हणजे तारांचा सूर गुंजावा म्हणून त्यांच्याखालची घोडी घासताना, समोर कितीही मोठा गवई बसलेला असो, घोडीवरचा हात घाई करत नसे. शाळा सुटायची वेळ झाली की मात्र कानस खाली आणि सायकल बाहेर. आई नसलेली तीन लेकरे त्यांनी याच भुशात वाढवली. थोरलीला शिक्षिका केले, धाकट्यांवर धंद्याची सक्ती केली नाही. २०२० मध्ये मैफली थांबल्या, कामे थांबली, तेव्हा धाकट्याच्या फीसाठी चाचांनी वर्षानुवर्षे मुरवत ठेवलेले लाकूड विकून टाकले. आम्हाला ते गेल्यावर कळले.

शस्त्रांचे काम करणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत सतार घडवायला घेतली. २०२४ मध्ये आपल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. फोटोला तेव्हा उभे राहायला जागा नव्हती. त्यानंतर शिकाऊ मुलांसाठी बैठक बोलावली तर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. असो.

ज्यांनी दिले त्यांचे ऋण मात्र सांगितलेच पाहिजे. नाव छापू नका असे बजावणारे पुण्याचे गायक दांपत्य दरवर्षी न मागता पैसे पाठवते, आणि सोबत चाचांसाठी चितळेंची बाकरवडी असायची. आमच्या लाकूडवाल्या शेठजींनी तीन वर्षे उधारीचा विषय काढला नाही. भोपळे पिकवणाऱ्या बंधूंनी तर चाचांची बातमी कळताच निवडक भोपळे आणून दिले आणि भाडेही घेतले नाही. गल्लीतल्या भगिनींनी चाळिसाव्याचा सगळा स्वयंपाक उचलला. अशी माणसे आहेत म्हणून मंडळ आहे.

आता काम. चाचांच्या मुलांनी सर्व हत्यारे मंडळाला दिली आहेत. त्यांच्याच कारखान्यात दोन मुलांना वर्षभर काम शिकवायचे, त्यांचे विद्यावेतन, जागेचे भाडे, लाकूड, तारा धरून अडीच लाख लागतात. ऐंशी हजार जमले. रोख, चेक किंवा कार्यालयातल्या क्यूआर कोडवर द्यावे, पावती घ्यावीच, कार्यालय संध्याकाळी ६ ते ८, शुक्रवारी बंद, उरुसाच्या आधी द्यावे कारण मालक जागा पुढे थांबवणार नाहीत. पैसे जमत नसतील तर जुना, फुटका तानपुरा दिलात तरी मुलांना शिकायला होईल.

आपला,
सचिव

ता.क. मयतीच्या दिवशी ज्यांनी मदतीचे आकडे सांगितले होते, त्यांची यादी माझ्याकडे आहे. वाचून दाखवणार नाही. आणि चाचांची जवारीची बारीक कानस कोणी आठवण म्हणून नेली असेल, तर ती कृपया परत आणून द्यावी. मुलांना लागणार आहे.