पॅटर्नमेकर (ओतकामाचे लाकडी नमुने बनवणाऱ्या) काकांस : लिंबाएवढा दगड धरायला शिकवल्याबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

दगड आवळून धरणाऱ्या व्हाइसला (शिकंजाला) लावायचे तुमचे लाकडी जबडे आणि मापं लिहिलेले कागद या पत्रासोबत परत पाठवत आहोत. कागदांची नक्कल काढून घेतली आहे. आभार फोनवरही मानता आले असते. पण निपाणी, चिकोडी, खानापूर, गोकाक अशा सगळीकडून एकच प्रश्न येतो, की लहान दगड कापताना हलतो, काय करू? म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. तुम्ही दिलेलं जसंच्या तसं, मापांसकट मांडणं हेच आम्हाला जमण्यासारखं आभार मानणं आहे.

आपल्याकडचा अकीक (पट्ट्यापट्ट्यांचा अ‍ॅगेट दगड) मोठा मिळतच नाही, आणि त्याचं कारण तुम्ही पहिल्यांदा नीट उलगडून सांगितलंत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि त्या पोकळ्यांत पुढं सिलिका थरावर थर साचली. बुडबुडा जेवढा, तेवढाच दगड. काळ्या फत्तरातून निघणारे बहुतेक दाणे लिंबाएवढे, पुष्कळसे सुपारीएवढे, आणि वरून गोल. गोल दगड सपाट जबड्यांत दोन-तीन ठिपक्यांवरच टेकतो. ब्लेडचा दाब आला की तो त्या ठिपक्यांभोवती फिरतो. सहा इंची ब्लेडची जाडी जेमतेम ०.६ ते ०.८ मिमी. कापाच्या आत दगड अर्धा मिलिमीटर जरी वळला तरी ब्लेड वाकतं, एकदा वाकलं की ताटलीसारखं होतं, आणि त्यानंतरचा प्रत्येक काप बाकदार येतो. लोक ब्लेडला दोष देऊन नवं आणतात. दोष दगड धरण्याच्या पद्धतीचा असतो, हे तुम्ही तीन वाकलेली ब्लेडं टेबलावर ओळीनं मांडून दाखवलंत.

आधी जबड्यांचं. छोटा दगड व्हाइसच्या एका टोकाला धरला की दुसरं टोक रिकामं राहतं. आवळलं की हलता जबडा तिरका होतो आणि दगडाला कडेनंच पकडतो. रिकाम्या टोकाला दगडाएवढ्याच जाडीची ठोकळी घालायची, हा उपाय ऐकायला फार साधा वाटतो, पण दहातल्या आठ तक्रारी तिथंच मिटतात. दर दगडाला नवी ठोकळी कापत बसायला नको म्हणून तुम्ही १० मिमीचा बोल्ट आणि त्यावर लांब नट अशी जोडी दिलीत. नट फिरवला की लांबी कमी-जास्त होते. दगड बसवायचा, नट जबड्याला टेकेपर्यंत फिरवायचा, मग आवळायचं. जबड्यांना २० मिमी आंब्याच्या फळ्या लावायच्या. बाभूळ कठीण, तिच्यावर दगड घसरतो. आंब्यात तो थोडा रुततो. सायकलच्या ट्यूबचा रबर लावायची इथं बऱ्याच जणांना सवय आहे. हाताला पकड घट्ट वाटते, पण रबर स्प्रिंगसारखं दबतं आणि सुटतं, म्हणजे दगडाला हलायला आपणच जागा करून देतो. ते काढून टाका. ब्लेड गार ठेवायला पाणी वापरणाऱ्या मशिनवर लाकूड भिजून फुगतं, तेव्हा प्रत्येक कापानंतर आवळ पुन्हा तपासायचा.

आता दगड लाकडी ठोकळ्यावर चिकटवून तो ठोकळाच व्हाइसमध्ये धरण्याची पद्धत. सगळ्यात जास्त उपयोग हिचा झाला, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहितो.

ठोकळा ७५ मिमी लांब, ५० रुंद, ४० जाड. समोरासमोरच्या बाजू समांतर हव्यात, नाहीतर व्हाइसमध्ये तोही तिरका बसणार. दगड चिकटतो ते टोक जबड्याबाहेर १५ ते २० मिमी राहू द्यायचं, म्हणजे शेवटच्या कापाला ब्लेड जबड्यावर जात नाही. खानापूरकडं सागवानाचे तुकडे हाताशी असतात म्हणून तेच वापरायचा मोह होतो. सागात अंगचं तेल असतं, चिकटवण नीट धरत नाही. सागच वापरायचा असेल तर चिकटवण्याच्या वेळीच ताजा रंधा मारून, थिनरनं पुसून, लगेच लावायचा. त्यापेक्षा आंबा किंवा खोक्याचं साधं लाकूड बरं.

चिकटवण्याआधी अकीकाचे पट्टे कुठल्या दिशेनं जातात ते दगड ओला करून बघायचं आणि काप कुठून हवा तिथं अ‍ॅल्युमिनियमच्या तारेनं रेघ ओढायची. पेनाची शाई आणि पेन्सिल पाण्यात जाते, तारेची रेघ राहते. एकदा दगड ठोकळ्यावर बसला की दिशा बदलता येत नाही. मग दगडाचं एक टोक ८० नंबरच्या (भरड दाण्याच्या) चाकावर, पाणी सोडत, सपाट घासायचं. दगडाच्या सगळ्यात जाड भागाच्या निदान एक तृतीयांश रुंदीचं तोंड सपाट मिळालं पाहिजे. साबणानं धुवायचं, थिनर किंवा अ‍ॅसिटोननं पुसायचं आणि पूर्ण वाळवायचं. त्यानंतर त्या तोंडाला बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकटपणाही चिकटवण सोडवायला पुरतो.

चिकटवायचं कशानं, हे मशिनमध्ये पाणी आहे की तेल यावर ठरतं. आमच्यापैकी बहुतेकांना हेच माहीत नव्हतं. तेलाच्या मशिनला वॉटरग्लास, म्हणजे आपल्या उद्यमबागच्या फाउंड्रीत वाळूत मिसळतात तोच सोडियम सिलिकेट. तिथं कार्बन डायऑक्साइड सोडून वाळूचा कोअर (साच्यातला गाभा) कडक करतात, इथं गॅस लागत नाही. पातळ थर लावून, दाबून, रात्रभर ठेवलं की पुरे. सुताराचं पांढरं फेविकॉलही चालतं, पण पूर्ण २४ तास द्यायचे. दोन्ही तेलात टिकतात आणि काम झाल्यावर गरम पाण्यात ठेवलं की सुटतात. मात्र जे गरम पाण्यात सुटतं ते पाण्याच्या मशिनवरही मऊ पडणारच. अर्ध्या कापात दगड खाली पडण्यामागं बहुतेक वेळा हीच चूक असते. पाण्याच्या मशिनला दोन भागांचं अ‍ॅराल्डाइट किंवा एम-सील. दगडाचं तोंड वेडंवाकडं असेल, घासूनही खड्डे राहिले असतील, तर एम-सील चांगलं, कारण ते खड्डा भरतं. बोट ओलं करून सांध्याभोवती त्याचा गोट फिरवायचा, जसा कौलाच्या सांध्याला चुन्याचा फिरवतात. तासाभरात ते कडक लागलं तरी ब्लेडखाली दुसऱ्या दिवशीच न्यायचं.

चटकन धरणाऱ्या सुपरग्लूबद्दल विचारणाऱ्यांसाठी : सुपारीहून लहान तुकडा, तोंड अगदी सपाट आणि एकच काप घ्यायचा असेल तर चालेल. सांध्याच्या कडेला चिमूटभर खायचा सोडा टाकून त्यावर एक थेंब सोडला की तिथल्या तिथं कडक होतं. पण धक्का बसला की ते तडकतं. लिंबाएवढ्या दगडाला त्याच्या भरवशावर सोडू नका.

ठोकळ्यामुळं दगड किती वाचतो, याचा हिशेब तुमच्या कागदावर होता तोच देतो. दगड ३० मिमी लांब, काप ५ मिमीचे, दर कापात ब्लेड खातं ती झीज ०.८ मिमी. वरची साल आणि तिच्या कापाची झीज मिळून २ मिमी जातात. व्हाइसच्या पकडीत १० मिमी अडकले तर उरतात १८, त्यात ३ काप. ठोकळ्यावर चिकटवला तर सांध्याजवळचे ३ मिमीच सोडायचे, उरतात २५, त्यात ४ काप. दर दगडामागं एक काप जास्त.

अ‍ॅराल्डाइट सोडवायला दगड गार पाण्यात घालून पाणी हळूहळू उकळायचं, मऊ पडलेलं चिकटवण सुरीनं काढायचं आणि दगड त्याच पाण्यात निवू द्यायचा. उकळत्यातून काढून नळाखाली धरला की अकीक तडकतो. झिओलाइट (याच फत्तराच्या पोकळ्यांत मिळणारं खनिज) तर उकळायचाच नाही. त्याच्या अंगात पाणी असतं, तापवलं की ते निघून जातं. त्याचा शेवटचा तुकडा ठोकळ्यासकट सोडून द्यायचा.

प्लास्टरची पद्धत आम्ही कमी वापरतो. पुष्कळ बारीक खडे एकदम अर्धे करून आत काय आहे ते बघायचं असेल तर ती सोयीची. ताकाचा रिकामा टेट्रा पॅक, १ किलो प्लास्टर ऑफ पॅरिसला साधारण ६०० मिली पाणी. प्लास्टर पाण्यात भुरभुरायचं, पाणी प्लास्टरमध्ये ओतायचं नाही, नाहीतर गोळे होतात. मिनिटभर भिजू द्यायचं, ढवळायचं, खोका टेबलावर हलके आपटून बुडबुडे काढायचे. त्यात खडे बुडवायचे, खड्यांमध्ये ५ मिमी अंतर. अर्ध्या तासात घट्ट होतं पण आत ओल असते. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस, आणि खानापूरच्या पावसाळ्यात वाळायची आशाच धरू नका. प्लास्टर दगडाला चिकटत नाही, नुसतं अडवून धरतं, म्हणून खड्याची खरबरीत साल तशीच ठेवायची. कापल्यावर अर्ध्या फाका निसटतात, तेव्हा दुसऱ्या कापाची अपेक्षा नको. घट्टपणासाठी प्लास्टरमध्ये वाळू घालू नये, ब्लेड उगीच झिजतं. काम झालं की टाकीतलं पांढरं चिखलपाणी बादलीत निवळू द्यायचं, गाळ वेगळा टाकायचा. मोरीत सोडला तर पाइप बंद होतो.

लाखेच्या काडीचं (खडा लाखेनं काडीच्या टोकाला चिकटवतात तिचं) काम कापून झाल्यावर, खड्याला आकार देताना. लाख आणि विटेची वस्त्रगाळ भुकटी. खडा तव्यावर लाखेइतकाच गरम हवा. लाख खड्यावर पसरली तर बरोबर, थेंबासारखी गोळा झाली तर खडा गार आहे, पुन्हा तापवायचा. काढताना काडी पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये. थंडीत लाख ठिसूळ होते हाच त्यातला गुण, आणि डिसेंबरच्या बेळगावी सकाळी काम करताना खडा उडतो तो त्याच गुणामुळं.

प्रत्यक्ष कापण्याबद्दल तुम्ही थोडंच सांगितलंत, पण नेमकं. मिनिटाला १४४० फेऱ्यांची मोटर, तिच्यावर ४ इंची पुली, ब्लेडच्या दांड्यावर ३ इंची, म्हणजे ब्लेड १९२० फेऱ्यांनी फिरतं; सहा इंची ब्लेडच्या काठाचा वेग सेकंदाला १५ मीटरच्या आसपास येतो. अकीकाला एवढा पुरतो. उतारावर ब्लेड टेकवलं की ते घसरून वाकतं, म्हणून सुरुवात सपाट जागेवर, नसेल तर आधी खाच घासून. शेवटचे ३ मिमी राहिले की दाब जवळजवळ काढून घ्यायचा आणि सुटणाऱ्या कापाखाली लाकडी पट्टीचा आधार द्यायचा. नाहीतर काप स्वतःच्या वजनानं मोडतो आणि कडेला न कापलेल्या दगडाची ती शेंडी राहते, जी घासायला कापण्याहून जास्त वेळ जातो. आवाज बारीक किणकिणायला लागला आणि काप पुढं सरकेना, तर दाब वाढवायचा नाही. ब्लेडच्या काठावरचे हिऱ्याचे कण धातूत बुडालेत. फाउंड्रीत टाकून दिलेल्या ग्राइंडिंग चाकाच्या तुकड्यात किंवा मऊ विटेत चार-पाच काप घेतले की कण परत उघडे पडतात.

आणि एक गोष्ट तुम्ही प्रत्येकाला, गोकाकच्या पोरांना कन्नडमध्ये, पुन्हा पुन्हा सांगितलीत. कोरडं कापायचं नाही. अकीक, गारगोटी, गोकाकचा वाळूचा दगड, सगळी सिलिकाच. तिची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही, सिलिकोसिसला औषध नाही. मार्बल कापायच्या हातमशिनवर ‘एकच काप आहे’ म्हणून कोरडं चालवणारे आपल्या भागात खूप आहेत. त्यांच्यासाठी ही ओळ मुद्दाम. टेबलावर वाळलेला चिखल झाडायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचा. पाणी आणि वीज एकत्र आहेत, तेव्हा मशिनच्या लाइनवर ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) हवाच. अंगठ्याच्या नखाहून लहान तुकडा बोटांत धरून कापायचा नाही, हातमोजा घालून तर मुळीच नाही.

हे सगळं तुम्ही पैसे न घेता, उभ्या उभ्या, एकच गोष्ट चारदा विचारली तरी न कंटाळता दिलंत. पॅटर्न बनवताना लाकडाची अर्धा मिलिमीटर चूक पुढं लोखंडात उतरते, ही तुमची नजर दगडाला मिळाली. आम्ही मनापासून ऋणी आहोत.

जबड्यांच्या पिशवीत कागदात गुंडाळलेला एक काप ठेवलाय. लिंबाएवढ्या अकीकाचा, ठोकळ्यावरून काढलेला चौथा, सांध्याला लागून असलेला. खिडकीपाशी तिरका धरून बघा. ब्लेडच्या रेघा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जातात, आणि कडेला शेंडी नाही. डाव्या जबड्यावरची तुमची पेन्सिलची खूण पुसू दिलेली नाही. काकूंना नमस्कार सांगा.

आपले,
बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडचे दगड कापणारे