बाळाच्या मानेवरची गाठ चोळू नका

महोदय,

तान्ह्या बाळाच्या मानेवर गाठ दिसली की घरात टीबी नाहीतर कॅन्सर, असे दोनच तर्क निघतात. बहुधा दोन्ही नसते. जन्मानंतर दोन-चार आठवड्यांनी मानेच्या बाजूच्या स्नायूत कडक गाठ लागते, मान एकीकडे कलते. सोनोग्राफीत ती ओळखता येते आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्या व्यायामांनी बहुतेकदा काही महिन्यांत विरते.

मऊ, टॉर्च लावल्यावर उजळणारी गाठ मात्र वेगळी. हा सिस्टिक हायग्रोमा, म्हणजे लसीकावाहिन्यांतला (शरीरातला लसीका हा पातळ द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतला) जन्मजात दोष. साध्या सर्दीतही तो अचानक फुगून श्वास अडवू शकतो. सुईने पाणी काढून घरी पाठवणे हा उपचार नव्हे, ते पुन्हा भरते. मोठ्या कप्प्यांच्या गाठीत ब्लिओमायसिनसारखे औषध टोचून ती आकसवता येते, शस्त्रक्रिया दर वेळी लागतेच असे नाही. हे बालशल्यचिकित्सकाने ठरवावे, मालिशवाल्या मावशींनी किंवा लेप देणाऱ्याने नव्हे.

आशाताई बाळाच्या ४२व्या दिवसापर्यंत ठरावीक दिवशी घरी येतातच. त्या भेटींत मान दोन्ही बाजूंनी चाचपून पाहणे आरोग्य विभागाने सक्तीचे करावे. त्याला यंत्र लागत नाही, खर्चही नाही.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा