रिंगचं तोंड पोर्टात उघडणाऱ्या पिस्टनबद्दल तक्रार

कोल्हापूर, दि. ८ सप्टेंबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आरएक्स १०० साठी मागवलेल्या ०.५० ओव्हरसाईज पिस्टन किटचे पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

तुमच्या संकेतस्थळावरून मी यामाहा आरएक्स १०० साठी ०.५० ओव्हरसाईजचा (मूळ मापापेक्षा ०.५० मिलिमीटर मोठा) पिस्टन किट मागवला. किंमत १,८५० रुपये, पैसे आगाऊ भरले. आलेला पिस्टन सदोष आहे. तो परत घ्यायला तुमच्या ग्राहक सेवेने नकार दिला आणि त्यासाठी जी कारणं दिली ती पिस्टनपेक्षाही सदोष आहेत. म्हणून फोन आणि चॅट सोडून हे रीतसर पत्र.

आधी गाडी सांगतो. यामाहाची भागीदार एस्कॉर्ट्स कंपनी होती त्या काळातली, १९९५ची आरएक्स १००, थोरल्या भावाकडून माझ्याकडे आलेली. हे मॉडेल १९८५ला आलं आणि १९९६ला बंद झालं, त्यामुळे माझी गाडी शेवटच्या खेपेतली. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही (पिस्टनची वरखाली धाव) ५०च. मंगळवार पेठेतल्या घरी जिन्याखाली मी ती पूर्ण उघडून नव्याने बांधतोय. क्रँकचं (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याचं) प्रेसिंग तेवढं उद्यमनगरातून करून आणलं. बेअरिंग, क्लच प्लेटा, कार्बोरेटर, वायरिंग सगळं घरीच. सुधारणा म्हणाल तर हॅलोजन दिवा, बरे ब्रेक शू आणि चांगले टायर. क्रँकच्या ऑईल सीलला हात आखडला नाही. टू-स्ट्रोकला पेट्रोलचं मिश्रण क्रँककेसमधून वर जातं. सील बाहेरची हवा ओढायला लागलं की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन तापून धरतो. एवढं लिहायचं कारण, तुमच्या प्रतिनिधीने मला विचारलं, "सर, तुम्ही मेकॅनिक आहात का?" नाही. पण मोजता येतं.

माझा ब्लॉक (पिस्टन ज्यात चालतो तो सिलिंडर) पूर्वी एकदा ०.२५ला बोअर झालेला, म्हणजे आतून तेवढा कातून मोठा केलेला आहे. झिजून आता तो सगळ्यात रुंद जागी ५०.३६ मिलिमीटर भरतो. तेव्हा पुढची पायरी ०.५०. या कामाची रीत ठरलेली आहे : पिस्टन आधी हातात यायला हवा, तो मोजायचा, आणि त्याच्या मापाला ब्लॉक बोअर करून होनिंग (आतली शेवटची बारीक घासणी) करायचं. काही शतांश मिलिमीटरची फट ठेवायची असते, तिथे अंदाजाला जागा नाही. म्हणून ब्लॉक तसाच ठेवून मी किटची वाट पाहिली.

तुमच्या पिस्टनच्या डोक्यावर "०.५०" असा ठसा आहे. गजन पिनच्या (पिस्टनमधून आडवी जाणारी पिन) काटकोनात, स्कर्टच्या (पिस्टनची खालची भिंत) खालच्या अंगाला मायक्रोमीटर लावला तर माप आलं ५०.३१. खरा ०.५०चा पिस्टन फट वजा जाता साडेपन्नासच्या अगदी जवळ असायला हवा. हा ना ०.५०चा, ना ०.२५चा. तुमचा कोरा ओव्हरसाईज पिस्टन माझ्या झिजलेल्या जुन्या ब्लॉकमध्ये बोअर न करताच आत जातो. तळव्यावर नऊ नंबर छापून आत आठ नंबरची चप्पल विकली तर आमच्याकडे गिऱ्हाईक दुकानातच ती परत फेकतं.

यावर तुमच्याकडून लेखी सल्ला आला : "कृपया ब्लॉक पिस्टनच्या मापानुसार बोअर करून घ्यावा." हे ज्यांनी लिहिलं त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी एकदा बोरिंग मशीनपाशी उभं राहावं. बोअर मारला की भोक मोठं होतं. ५०.३६चा ब्लॉक ५०.३१च्या पिस्टनसाठी लहान करून देणारी मशीन उद्यमनगरात नाही, आणि जे मशीनकाम उद्यमनगरात होत नाही ते दुसरीकडे कुठे होत असेल असं आम्हा कोल्हापूरकरांना वाटत नाही.

मापाचं एक वेळ सोडा. खरी धास्ती पुढची आहे. टू-स्ट्रोकच्या ब्लॉकला आतून पोर्टच्या खिडक्या असतात आणि पिस्टनभोवतीची रिंग त्यांच्यावरून सतत वरखाली घासत जाते. रिंग फिरली आणि तिचं तोंड (दोन टोकांमधली फट) एखाद्या खिडकीत आलं तर टोक बाहेर उसळतं आणि अडकतं. तसं होऊ नये म्हणून रिंगच्या खाचेत एक बारीक लॉक पिन ठोकलेली असते. रिंगचं तोंड तिच्यावरच बसतं आणि पोर्ट सोडून भिंतीवरच राहतं. माझा जुना पिस्टन तसाच आहे. तुमचा पिस्टन मी बाण सायलेन्सरच्या बाजूला करून ब्लॉकमध्ये घातला, पोर्टमधून बॅटरीचा उजेड पाडला, तर वरच्या रिंगची लॉक पिन सरळ ट्रान्सफर पोर्टच्या, म्हणजे क्रँककेसमधलं मिश्रण जिथून वर येतं त्या खिडकीत दिसते. दोन्ही पिस्टन शेजारी शेजारी ठेवून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत. पिनच्या जागेतला फरक बघायला चष्माही लागत नाही.

बोरिंगसाठी ज्यांच्याकडे गेलो त्या टर्नरनी पिस्टन हातात घेऊन फिरवला, पिनवर नख ठेवलं आणि म्हणाले, "दादा, माप बरोबर असतं तरी म्या ह्याला बोअर मारलो नसतो. रिंगचं त्वांड पोर्टात उघडतंय. आडाकली की पिस्टन गेला, ब्लॉक बी गेला." त्यांनी पाहण्याचे पैसेही घेतले नाहीत. ते लिहून द्यायला तयार आहेत.

तुमच्या कोणा ग्राहकाने हा पिस्टन न मोजता बसवला आणि गगनबावड्याच्या घाटात रिंग तुटून इंजिन जाम झालं, तर क्लच दाबेपर्यंत मागचं चाक धरतं. मागे बायको-पोर बसलेलं असतं. त्यामुळे हा विषय माझ्या १,८५० रुपयांपुरता नाही. पाकिटावरच्या लॉट क्रमांकाचा सगळा माल तुम्ही विक्रीतून काढायला हवा.

आता तुमचे नकार. पहिला : सील फोडलेलं पाकीट परत घेत नाही. पाकीट न फोडता पिस्टन मोजायची तुमची काही पद्धत असेल तर जरूर कळवा. दुसरा : गाडीचं काम घरी केल्यामुळे वॉरंटी लागू नाही, अधिकृत मेकॅनिकच्या लेटरहेडवर पत्र आणा. अहो, पिस्टन अजून बसवलेलाच नाही. त्याच्यावर कार्बनचा डाग नाही, घासल्याची रेघ नाही. घरी उघडला काय आणि शोरूममध्ये उघडला काय, लॉक पिन तुमच्या कारखान्यात जिथे ठोकली तिथेच आहे. वस्तू वापरण्याआधी तपासली, एवढंच मी घरी केलंय. आणि हे संभाषण चालू असतानाच तक्रार "निकाली" दाखवून मला पाच तारे द्यायचा मेसेज आला. तारे दिलेले नाहीत.

मधल्या एका फोनवर तुमच्या प्रतिनिधीने वेगळाच तोडगा सुचवला : "सर, त्यापेक्षा आमचा १३५चा ब्लॉक किट घ्या, पॉवरही वाढेल." म्हणजे आरएक्स १३५ या मोठ्या गाडीचा ब्लॉक, ५०च्या जागी ५८चा बोअर, ९८ सीसीची गाडी १३२ सीसीची. माझ्या आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) ९८ सीसी लिहिलंय. उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. शिवाय पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणारं नोंदणीचं नूतनीकरण माझ्या गाडीचं नोव्हेंबरात आहे आणि आरटीओ गाडी समोर उभी करून तपासतं. सदोष माल परत मागणाऱ्याला दुसरा महाग माल, तोही बेकायदा, विकायचा प्रयत्न करणाऱ्या माणसाला तुम्ही काय शिकवता हे तुमचं तुम्ही बघा.

किरकोळ गोष्टही नोंदवतो. किटमध्ये सर्क्लिप (गजन पिन जागेवर धरणारी कडी) एकच निघाली, लागतात दोन. पाकिटावर "१०० टक्के ओरिजिनल" मोठ्या अक्षरांत आहे, पण उत्पादकाचं, पॅक करणाऱ्याचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता कुठेच नाही. वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार तो छापावा लागतो.

माझं म्हणणं सरळ आहे. किटची पूर्ण किंमत आणि कुरिअरचा खर्च परत करा, आणि पिस्टन तुमच्या खर्चाने घेऊन जा. बदली पिस्टन नको. त्याच लॉटमधला आला तर पुन्हा हेच होईल. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे सदोष किंवा जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घ्यायला तुम्हाला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणं त्याच नियमांत आहे. तसं झालं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर, म्हणजे १९१५ वर, नोंद करीन आणि कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे यायचं तुम्हाला पडेल. इतक्या रकमेच्या तक्रारीला फीसुद्धा नाही.

दसऱ्याला गाडीची पूजा करून ती बाहेर काढायची होती. ते आता जमेलसं दिसत नाही, कारण दुसरीकडून पिस्टन मिळवून बोरिंग व्हायचं आहे. त्याची भरपाई मी सध्या मागत नाही, आयोगात जावं लागलं तर मागेन.

बिलाची प्रत, मायक्रोमीटरच्या मापाचे आणि दोन्ही पिस्टनचे फोटो व तुमच्या प्रतिनिधींशी झालेल्या चॅटची छायाचित्रं पत्रासोबत आहेत. पिस्टन तेल लावून त्याच पाकिटात ठेवला आहे. न्यायला माणूस पाठवाल तेव्हा संध्याकाळी सहानंतर पाठवा, दिवसा मी कामावर असतो.

आपला ग्राहक,
(सही)
मंगळवार पेठ, कोल्हापूर