काचेपलीकडून आलेला पाहुणा

वसई,
११ ऑगस्ट

प्रिय सदाशिव,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले, पण घाईघाईत उत्तर खरडायचं नव्हतं. आषाढीच्या पहाटे माई अंघोळ करून टीव्हीसमोर बसल्या आणि पंढरपूरची महापूजा संपेपर्यंत हात जोडून तशाच राहिल्या, असं तू लिहिलंस. आणि शेवटी विचारलंस, "तुम्हा कॅथलिकांत चालतं का रे असं? टीव्हीवर पाहिलेली मिस्सा, तुमची ती रविवारची देवळातली उपासना, देवापर्यंत पोहोचते का?"

उत्तर लिहायला आजचा दिवस अगदी योग्य आहे. आज असिसीकर संत क्लारेचा सण. ही तेराव्या शतकातली संन्यासिनी, संत फ्रान्सिसची शिष्या. १९५८ साली पोप बारावे पायस यांनी तिला टेलिव्हिजनची आश्रयदाती संत म्हणून जाहीर केलं. सातशे वर्षांपूर्वीच्या बाईचा टीव्हीशी काय संबंध, असं तुला वाटेल. तर गोष्ट अशी. १२५२ च्या नाताळच्या रात्री क्लारा अंथरुणाला खिळलेली होती. मठातल्या बाकीच्या भगिनी प्रार्थनेला गेल्या आणि ती खोलीत एकटी उरली. "देवा, बघ, तुझ्यासोबत मी इथे एकटीच राहिले," असं ती म्हणाली. आणि गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, संत फ्रान्सिसच्या मंदिरात चाललेली गाणी तिला ऐकू येऊ लागली. तिथला गव्हाणीतला बाळ येशूही तिला दिसला. पुढच्याच वर्षी ती वारली.

पोपनी तिची निवड केली ती याच गोष्टीमुळे. टीव्ही म्हणजे काय, याची व्याख्या त्यांनी एखाद्या इंजिनियरकडून घेतली नाही, आजारी बाईच्या खोलीतून घेतली. हे मला फार मोठं वाटतं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. टीव्हीवरून थेट दाखवलेली पहिली मिस्सा म्हणून जी ओळखली जाते, ती पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलमधली. २४ डिसेंबर १९४८, नाताळची मध्यरात्र. रेमों पिशार नावाच्या, डोमिनिकन या संन्यासी संघातल्या फादरांनी ती घडवून आणली. तेव्हा फ्रान्समध्ये टीव्ही असलेली घरं अगदी मोजकी. तरी पिशार थांबले नाहीत. ऑक्टोबर १९४९ पासून त्यांनी दर रविवारचा कार्यक्रम सुरू केला. 'प्रभूचा दिवस' अशा अर्थाचं त्याचं फ्रेंच नाव आहे आणि तो आजही चालू आहे.

पण सगळ्यांना हे रुचलं असं समजू नकोस. कार्ल राहनर हे त्या काळचे मोठे ईशज्ञानपंडित. मिस्सा पडद्यावर दाखवायला त्यांचा विरोध होता. सुरुवातीच्या शतकांत ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नसे, त्यांना मिस्सेच्या मुख्य भागाआधी बाहेर पाठवत, कारण सर्वांत पवित्र गोष्ट कोणाहीसमोर उघडी करायची नसते. मग आता कॅमेरा थेट वेदीवर कसा रोखायचा? आपल्या भाषेत सांगायचं तर गाभाऱ्यात कॅमेरा न्यावा का, हाच तो प्रश्न. मला राहनर जुनाट वाटत नाहीत. ज्याला गाभाऱ्याची जाण आहे त्यालाच ही भीती वाटते. सप्टेंबर १९५७ मध्ये पोपनी चित्रपट, रेडिओ आणि टीव्ही यांवर परिपत्रक काढलं. त्यात टीव्हीवरच्या मिस्सेचं स्वागत केलं, आजाऱ्यांना आणि ज्यांना जाता येत नाही त्यांना तिचा आधार आहे असं म्हटलं, पण टीव्हीवर पाहणं म्हणजे प्रत्यक्ष हजर असणं नव्हे हेही स्पष्ट लिहिलं. आमच्यात आजही हेच मानतात. धडधाकट माणसाने रविवारी देवळात जायचं. जो उठू शकत नाही, त्याच्यावर ते बंधन मुळातच नाही, आणि त्याच्यासाठी पडदा आहे.

नियमाचं उत्तर एवढंच. पण मला तुला सांगायचं आहे ते दुसऱ्याच एका माणसाबद्दल. त्याने टीव्हीवर मिस्सा दाखवली म्हणून नव्हे, फळ्यावर शिकवलं म्हणून.

फुल्टन शीन. जन्म १८९५, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या एल पासो गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठाचा डॉक्टर. वॉशिंग्टनच्या कॅथलिक युनिव्हर्सिटीत त्यांनी वीसहून जास्त वर्षं शिकवलं. १९३० पासून 'कॅथलिक अवर' या रेडिओ कार्यक्रमात ते बोलत. १९४० च्या ईस्टरला न्यूयॉर्कमध्ये प्रायोगिक टीव्हीवरून धार्मिक कार्यक्रम झाला, तेव्हाही कॅमेऱ्यासमोर तेच होते. १९५१ मध्ये ते बिशप झाले आणि १२ फेब्रुवारी १९५२ रोजी त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. नाव, 'लाइफ इज वर्थ लिव्हिंग'. आयुष्य जगण्यासारखं आहे.

वाहिनी होती ड्यूमाँट. टीव्ही संच बनवणाऱ्या कंपनीची, पैशाने आणि केंद्रांनी दुबळी. वेळ, मंगळवारी रात्री आठ. ही वेळ कोणालाच नको होती, कारण त्याच वेळी एनबीसीवर मिल्टन बर्ल यांचा विनोदी कार्यक्रम असे आणि अख्खी अमेरिका तो पाहत असे. लोक बर्ल यांना 'मिस्टर टेलिव्हिजन' म्हणत. गाणी, नाच, वेशांतरं, सगळं त्यांच्याकडे. आणि इकडे एक बिशप, एक फळा, खडू, पुस्तकांचं कपाट आणि मरियेची एक मूर्ती. दोनच महिन्यांत, एप्रिलमध्ये, 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर शीन यांचं चित्र आलं. पुढच्या वर्षी त्यांना टीव्हीसाठीचा एमी पुरस्कार मिळाला. तो घेताना ते म्हणाले, माझ्या चार लेखकांचे आभार: मत्तय, मार्क, लूक आणि योहान. म्हणजे बायबलमधली चार शुभवर्तमानं ज्यांच्या नावाने आहेत ते.

सदाशिव, मी त्यांची जुनी चित्रणं यूट्यूबवर पाहतो. तेव्हा व्हिडिओ टेप नव्हती. टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा ठेवून जे चालू असेल ते टिपून घेत, म्हणून चित्र धुरकट दिसतं. पण तो माणूस धुरकट नाही. अंगावर झगा, खांद्यावरून लांब पायघोळ वस्त्र, छातीवर क्रूस आणि खोल गेलेले, रोखून पाहणारे डोळे. हातात कागद नाही. समोर कोणी वाक्यं धरून उभं नाही. अर्धा तास सलग बोलणं, आणि शेवट अगदी वेळेवर. मी चौतीस वर्षं भूमिती शिकवली. घंटा व्हायच्या आत सिद्धता पूर्ण करून 'म्हणून' लिहिणं किती अवघड असतं हे तुला-मला ठाऊक आहे. शीन यांची युक्ती मी वाचली तेव्हा बाकावरून उठून उभा राहिलो. भाषणाच्या शेवटाला किती मिनिटं लागतात हे ते आधी पक्कं मोजून ठेवत. घड्याळात तेवढी मिनिटं उरली की जिथे असतील तिथून शेवटाकडे वळत.

एका भाषणासाठी ते सुमारे तीस तास तयारी करत. आणि आधी तेच भाषण मित्रांसमोर इटालियन आणि फ्रेंचमध्ये करून बघत. मला वाटतं, विचार आपल्याला खरोखर कळला आहे का, हे तपासायला याहून चांगली कसोटी नाही. पाठ केलेली वाक्यं दुसऱ्या भाषेत जातच नाहीत. जे समजलं आहे तेच जातं.

फळ्यावर सगळ्यात वर ते जे, एम, जे अशी तीन अक्षरं लिहीत. जीझस, मेरी, जोसेफ. खाली साध्या रेषा, दोन-चार शब्द, एखादी वेडीवाकडी आकृती. मग बोलत बोलत स्टेजच्या दुसऱ्या बाजूला जात. तेवढ्यात, कॅमेऱ्यात न दिसणारा मदतनीस फळा पुसून ठेवी. परत आले की म्हणत, माझ्या देवदूताने पुसला. पुढे घराघरांत लोक त्या देवदूताची वाट पाहू लागले.

त्यांचं बोलणं ऐकताना मला तुझ्या गावचं रामनवमीचं कीर्तन आठवतं. आधी बुवांनी सगळ्यांना हसवलं, मग एकच विचार घेऊन तो अलगद उलगडला आणि शेवटी कथा लावली तेव्हा मंडपात कोणी खाकरलंसुद्धा नाही. शीन यांची रीत हीच. सुरुवातीला एखादा साधा विनोद, मग विचार, मग आवाज हळूहळू चढत जातो आणि शेवटी 'गॉड लव्ह यू' म्हणून निरोप. कॅथलिक शिकवण ते क्वचितच थेट सांगत. एकटेपणा, लहान मुलांना वळण लावणं, अपराधाचा सल, मृत्यू, असे सगळ्यांच्या घरातले विषय. म्हणून प्रोटेस्टंट ऐकत, ज्यू ऐकत, काहीच न मानणारेही ऐकत.

सगळंच मला पटतं असं नाही. साम्यवादावर ते फार कडक बोलत. त्या काळाचा शिक्का काही भाषणांवर इतका गडद आहे की आज ती ऐकताना मी अवघडतो. फेब्रुवारी १९५३ मध्ये त्यांनी शेक्सपियरच्या 'ज्युलियस सीझर'मधला सीझरच्या मृत्यूनंतरचा प्रसंग वाचला, पण नावं बदलून. सीझरच्या जागी स्टालिन. काहीच दिवसांत, ५ मार्चला, स्टालिन वारले. लोकांनी ते भाकीत मानलं आणि आजही तीच गोष्ट सर्वांत जास्त सांगितली जाते. मला ती सांगायला आवडत नाही. शीन यांचं मोठेपण चमत्कारात नव्हतं, तीस तासांच्या तयारीत होतं.

प्रायोजक होती ॲडमिरल ही टीव्ही बनवणारी कंपनी. तिच्याकडून मिळणारं मानधन मिशनच्या कामाला जाई, कारण 'सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द फेथ' या संस्थेचे ते अमेरिकेतले प्रमुख होते. आमच्याकडे ऑक्टोबरात मिशन रविवार असतो, लहानपणी आम्ही पाकिटात आणे घालून नेत असू, तीच ही जगभरची संस्था. तिकडची मुलंही शीन यांना पत्रातून नाणी चिकटवून पाठवत. या मिशनच्या पैशांवरून पुढे न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन यांच्याशी त्यांचं बिनसलं. १९५७ मध्ये कार्यक्रम थांबला. आत्मचरित्रात मात्र शीन यांनी कार्डिनलबद्दल एकही वाईट शब्द लिहिला नाही.

आपल्याकडे तेव्हा यातलं काहीच नव्हतं. ६ जून १९५४ रोजी युरोपातल्या अनेक देशांना जोडणारं पहिलं युरोव्हिजन प्रक्षेपण झालं, तेव्हा पोप पडद्यावरून एकाच वेळी कितीतरी देशांतल्या घरांत पोहोचले. त्यानंतर दहा वर्षांनी, डिसेंबर १९६४ मध्ये, पोप सहावे पॉल मुंबईला आले. युकॅरिस्टिक काँग्रेस, म्हणजे जगभरच्या कॅथलिकांचा मोठा मेळावा होता. मी आठ वर्षांचा. बाबांनी मला खांद्यावर घेतलं होतं आणि ओव्हल मैदानावरच्या त्या अफाट गर्दीत मला दूरवर एक पांढरा ठिपका दिसला. "दिसले का?" बाबा विचारत होते. मी हो म्हणालो. आई आलीच नव्हती. धाकटी बहीण पाळण्यात होती, तिला सोडून कशी येणार? रात्री घरी आल्यावर आईने मला जवळ घेऊन विचारलं, "कसे दिसतात रे?" आणि मला ठिपक्यापलीकडे काही सांगता येईना. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं ते २ ऑक्टोबर १९७२ ला.

म्हणून तुझा प्रश्न वाचला आणि आईच आठवली. शेवटची दोन वर्षं ती खाटेवर होती. त्यात लॉकडाऊन. देवळं बंद, फादर एकटेच मिस्सा करायचे आणि ती आमच्या फोनवर दिसायची. रविवारी सकाळी आई मला आधी चादर बदलायला लावी. मग धुतलेलं लुगडं. मग फोन स्टुलावर उभा करायचा, बाजूला मेणबत्ती लावायची, कारण "देव येतोय तर अंधारात कसा येईल?" मिस्सेत एकमेकांना शांती द्यायची वेळ येई तेव्हा ती कष्टाने मान वळवून माझ्याकडे बघून हात जोडी. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी, म्हणजे देवळात फादर पवित्र भाकर वाटतात तेव्हा, डोळे मिटून ओठ हलवत राही. देवळांची दारं उघडल्यावर पहिल्या शुक्रवारी फादर प्रत्यक्ष ख्रिस्तप्रसाद घेऊन घरी आले, तेव्हा ती रडली. फरक तिला कळत होता, सदाशिव. परिपत्रक न वाचता कळत होता.

पण एक गोष्ट मी तेव्हा नुसतीच पाहिली होती, तिचा अर्थ मला शीन यांची चित्रणं बघताना लागला. ते अनेकदा सुरुवात करताना प्रेक्षकांचे आभार मानत: मला पुन्हा तुमच्या घरात येऊ दिलंत. लाखो लोक बघत असताना ते लाखोंशी बोलतच नव्हते. एका घराच्या उंबरठ्यावर उभे राहून आत येऊ का म्हणून विचारत होते. आणि आमच्या खोलीत, फोनच्या पडद्यावर फादर वेदीकडे येताना दिसले की आई दर रविवारी उशीवरून डोकं उचलून म्हणायची, "या फादर, या."

माईंना माझा नमस्कार सांग. त्यांना क्लारेची गोष्ट वाचून दाखव, नाताळच्या रात्रीची, आणि त्या काय म्हणाल्या ते मला शब्दनशब्द लिही.

तुझा,
जोसेफ