मैल की किलोमीटर?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला मायामीच्या ‘वॉल ऑफ विंड’वरचा, म्हणजे पंख्यांनी वादळाएवढा वारा सोडून घरं-छपरं तपासणाऱ्या तिथल्या विद्यापीठाच्या केंद्रावरचा लेख दोनदा वाचला. दुसऱ्यांदा चष्मा पुसून, कारण वाऱ्याचा वेग ताशी १५७ किलोमीटर छापला आहे. अहो, ते मैल आहेत! किलोमीटर केले तर २५० च्या वर जातात. १५७ किलोमीटरसाठी त्या विद्यापीठाला १२ अजस्र पंखे कशाला लागतील? त्याहून कमी, तरी छपरं उडवणारा वारा आम्ही ३ जून २०२० रोजी, निसर्ग वादळात, फुकटात खाल्ला.

लेखकमहाशयांना पंख्यांचंच अप्रूप. १९९२ च्या अँड्र्यू वादळाने तिथली घरं कशी उधळली, आता ताशी २०० मैल वारा आणि सोबत लाटाही अशा आणखी मोठ्या केंद्राचा आराखडा चाललाय, सगळं आलं. पण त्या पंख्यांपुढे छप्पर ठेवून कळतं काय, हे एका ओळीत तरी सांगायचं! वारा छप्पर वर ओढतो, आणि सर्वांत जास्त ओढतो कडांना नि कोपऱ्यांना.

मला हे पंख्याविना कळलं. २०१८ साली माकडांना कंटाळून कौलं उतरवली, पत्रे घातले. पत्रेवाल्याला म्हटलं, वळचणीला हूक जवळजवळ मार, वायसर घाल. ‘काका, एवढा पत्रा कुठं उडतोय!’ म्हणून त्याने दोन्ही वाचवलं. निसर्ग वादळात पहिला गेला तो समुद्राकडच्या कोपऱ्याचा, मागोमाग अकरा. हूक पाइपावर शाबूत, पत्र्यांची भोकं फाटलेली. एक पत्रा शेजाऱ्यांच्या वाडीत आडव्या पोफळीला गुंडाळलेला सापडला. पंचनाम्याला आलेले गृहस्थ म्हणाले, ‘उडालेले पत्रे दाखवा.’ सगळे जागेवर असते तर त्यांना बोलावलं कशाला असतं?

आणि ‘आपल्याकडे असं काहीच नाही’ हा उसासा कशासाठी? मायामीएवढे पंखे नसतील, पण चेन्नईच्या एसईआरसी या बांधकामांवरच्या सरकारी संशोधन संस्थेमध्ये इमारतींच्या प्रतिकृती तपासायचा वाऱ्याचा बोगदा आहे. इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक आहे, आयएस ८७५; त्याच्या वाऱ्यावरच्या तिसऱ्या भागात छपराच्या कडा-कोपऱ्यांचे आकडे वेगळे दिलेत. ते आमच्या पत्रेवाल्यापर्यंत का पोचत नाहीत, यावर अर्धं पान खर्च करा की! चुकीची दुरुस्तीही छापा, पण पहिल्या पानावरच्या पंख्यांच्या फोटोएवढी मोठी.

ता. क. शब्दकोड्याची उत्तरं सलग दोन रविवार छापलेली नाहीत. माझं १४ आडवं अडलं आहे.

– अजून तरी नियमित असलेला एक वाचक, श्रीवर्धन